हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी

लग्न होऊन मी या घरी आले तेव्हा मला शेतीतलं काहीच येत नव्हतं. माझं माहेर शेगावचं. वडिलांचं देवळाच्या रस्त्यावर फुलांचं आणि प्रसादाचं दुकान होतं. घरी बसून हार ओवायचे, दुकानात पेढ्यांच्या पुड्या बांधायच्या आणि मधल्या वेळात शाळेत जायचं, एवढंच माझं जग. मॅट्रिक झाले आणि अमडापूरजवळच्या एका मळेवाल्यांच्या घरी मला दिली. विहिरीखाली भाजीपाला आणि पलीकडे काळ्या मातीचा कोरडवाहू तुकडा, एवढी त्यांची शेती. पहिल्या वर्षी निंदायला बसले तर तणाबरोबर मेथीही उपटायची. बाया हसायच्या. "बजारातली पोरगी हाये," म्हणायच्या. त्यात वाईटपणा नव्हता, पण मला ते लागायचं.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची आणि सासूबाईंना आत्याबाई. मामाजी मुळातच कमी बोलणारे, त्यात सुनेशी सरळ बोलायची त्या घरात रीत नव्हती. मी समोर उभी असले तरी ते आत्याबाईंना सांगत, "सूनबाईले सांग, मिरच्या वाळू घालायच्या हायेत." मग आत्याबाई माझ्याकडे वळून, जणू मला ऐकूच आलं नाही अशा थाटात, तेच पुन्हा सांगत. मला हसू यायचं. आत्याबाईंनाही यायचं, पण त्या पदर तोंडाशी धरत.

मी आले त्यानंतर पावसानं लागोपाठ दगा दिला. विहिरीच्या तळाशी खरवडूनसुद्धा घागर भरेना. चारा नव्हता म्हणून म्हैस आणि दोन्ही गाई आत्याबाईंच्या भावाकडे, पाण्याच्या गावी, पाठवल्या. त्या परत आल्याच नाहीत. मग एका वर्षी पाऊस चांगला झाला, विहीर भरली, पण गोठ्यात बैलजोडीशिवाय काही उरलं नव्हतं. गोठा रिकामा म्हणजे उकिरडाही रिकामा. खताची पोती त्या काळात मुश्किलीनं यायची, आणि आली तरी आमची पाळी येईस्तोवर संपायची. माझे मालक खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये हंगामाच्या कामावर गेले. घरी आम्ही तिघंच.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी चिखलीच्या पंचायत समितीचे शेतीचे साहेब गावात आले. साहेब म्हणजे सायकलवर फिरणारा तरुण माणूस, शर्टाची बाही कायम धुळीनं माखलेली. मारुतीच्या पारावर त्यांनी माणसं जमवली आणि पिशवीतून काळ्या भुकटीची पुडकी काढली. हरभऱ्याच्या बियाण्याला हे चोळा, म्हणाले, यात जिवंत जिवाणू आहेत, ते पिकाला खत करून देतील. लोक हसले. कोणीतरी विचारलं, "साहेब, यायले चारापानी काय लागते?" मामाजी तिथं होते. तेही रिकाम्या हातानं परत आले आणि त्यांनी झालेलं सगळं आत्याबाईंना सांगितलं.

जाताना साहेब आमच्या विहिरीवर पाणी प्यायला थांबले. आत्याबाई आणि मी तिथं वांग्याची रोपं लावत होतो. आत्याबाईंनी पाणी दिलं आणि विचारलं, "लोक काऊन हासून राह्यले होते जी तुमाले?"

साहेबांनी पुडकं काढून दाखवलं. म्हणाले, "आई, मातीत डोळ्याला न दिसणारे जीव असतात. त्यातले काही हरभऱ्याच्या मुळांशी राहतात आणि त्याला हवेतून खत ओढून देतात. दुष्काळात तुमच्या मातीतले बरेच मेले असतील. यात तेच आहेत, वाढवलेले. तुम्ही थोडेसे घातले की तिथं आपोआप वाढतात."

आत्याबाईंनी हातातली माती झटकली. "म्हंजे विरजन."

साहेब एवढे खूश झाले की सायकलचं हँडल सोडून उभे राहिले. "अगदी तेच! हे मला पारावर सुचायला हवं होतं."

आत्याबाईंनी एक पुडकं मागून घेतलं. साहेबांनी मला बजावून सांगितलं. उन्हात ठेवायचं नाही, चुलीजवळ तर नाहीच. गुळाचं पाणी करून पूर्ण थंड होऊ द्यायचं, त्यात भुकटी कालवायची, बियाण्याला हलक्या हातानं चोळायची, सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. मी ते पुडकं रांजणाखालच्या ओल्या वाळूत, एका मडक्यात झाकून ठेवलं. येता-जाता झाकण उघडून बघायची. दिसायचं काहीच नाही, तरी बघायची.

पेरणीच्या दिवशी पहाटे मी गुळाचं पाणी केलं. ते निवेना. आत्याबाईंनी दुधात घालतात तसं करंगळीचं टोक त्यात घातलं आणि म्हणाल्या, "अजून नाई. मरतीन बिचारे." आम्ही दोघी त्या पातेल्याजवळ बसून राहिलो. शेवटी बियाणं काळं करून घोंगडीवर पसरलं, तेवढ्यात मामाजी आले.

"हे काय हरभऱ्याले काळं फासलं?"

आत्याबाई विहिरीकडच्या बांधाच्या दिशेनं हात करत म्हणाल्या, "एका पट्ट्यापुरतंच हाये. विहिरीकडच्या धुऱ्याले लागून पेरा. बाकी तुमच्या मनानं पेरा."

मामाजींनी बियाण्याची मूठ उचलून हुंगली. बोटाला लागलेलं काळं धोतराला पुसलं. मला वाटलं आता फेकून देतील. पण ते म्हणाले, "गुळाचा वास येते," आणि बियाणं सुकताच ते टोपलीत भरून वावराकडे निघाले. तेवढ्यासाठीसुद्धा मला त्यांचे उपकार वाटले. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर बायकांनी काळं केलेलं बियाणं पहिल्या पेरणीत वावरात टाकलं नसतं.

हरभरा उगवला. दोन्हीकडचा सारखाच दिसत होता. थंडी पडू लागली, रोपं वीतभर झाली, फुलायला आली. मग एका सकाळी मामाजी वावरातून लवकर परतले. त्यांच्या दुपट्ट्यात हरभऱ्याची उपटलेली रोपं होती. ती त्यांनी अंगणात ठेवली आणि भिंतीला टेकून बसले. चेहरा असा उतरला होता की आत्याबाई हातातलं पीठ तसंच टाकून बाहेर आल्या.

"पाय," रोपांची मुळं वर करून दाखवत मामाजी म्हणाले.

मुळांवर गाठी होत्या. बारीक, ज्वारीच्या दाण्याएवढ्या, काही ठिकाणी एकमेकींना चिकटून झुबका झालेल्या. आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. मी या घरात यायच्या आधी एका वर्षी वांग्याच्या सगळ्या वाफ्यांना अशाच गाठी आल्या होत्या. मुळं सुजली, झाडं भर दुपारी माना टाकायची, फळ धरेना. जिथं ती वांगी होती तिथं पुढं मिरचीही नीट आली नाही. मामाजींनी तो तुकडा कितीतरी काळ पडीक ठेवला होता.

"त्या पुडक्यातून आला हा रोग," मामाजी म्हणाले. "काळ्या बियाच्या पट्ट्यातच जास्त हायेत. आत्ताच सारं उपटतो आन् जाळतो. पाण्यासंगं वांग्यात गेला तं मळा गेला."

ते उठले. मी आजवर त्यांच्यासमोर तोंड उघडलं नव्हतं. पण त्या क्षणी मला ते साहेब आठवले आणि वाटलं, तो माणूस सायकल हाणत एवढ्या लांब रोग वाटायला येणार नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "मामाजी, झाडं तर हिरवीगार आहेत. रोग असता तर माना टाकल्या नसत्या का?"

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मामाजींनी रोपाकडे पाहिलं. पाला खरंच काळपट हिरवा होता.

त्यांनी एक पान बोटांत चुरडून पाहिलं. मग मामाजी आत्याबाईंना म्हणाले, "सूनबाईले सांग, लुगडं बदल म्हना. चिखलीले जाऊन साहेबाले इचारून येऊ. तिले त्यानं सांगितलं हाये, तिलेच कळन तो काय म्हनते ते."

मातीसकट दोन रोपं आणि पलीकडच्या, न चोळलेल्या पट्ट्यातलं एक रोप आम्ही ओल्या फडक्यात गुंडाळलं. त्या जुन्या रोगट तुकड्यात आपोआप उगवलेलं वांग्याचं एक झाडही मामाजींनी उपटून बरोबर घेतलं. "दोन्ही संगंसंगं पाह्यले पायजे," म्हणाले. बसमध्ये त्यांनी मला खिडकीजवळ बसवलं आणि स्वतः मध्ये गठुडं ठेवून कडेला बसले. आत्याबाई नव्हत्या, त्यामुळे निरोप सांगायला कोणी नव्हतं. थोडं अंतर गेल्यावर समोर बघतच ते म्हणाले, "मळमळ तं नाई होत?" मी म्हटलं, "नाही." ते त्यांचं माझ्याशी पहिलं सरळ बोलणं. पुढं चिखली येईपर्यंत त्यांनी मला प्रत्येक वावराकडे बोट करून कोणाचं पीक कसं आहे ते सांगितलं. मी हूं हूं करत राहिले. मला फार बरं वाटत होतं आणि तेवढीच भीतीही वाटत होती, कारण गाठी रोगाच्या निघाल्या तर या माणसाला मी पुन्हा काय तोंड दाखवणार?

साहेब ऑफिसात नव्हते, फिरतीवर गेले होते. दोन दिवस येणार नव्हते. मामाजी पायरीवर बसले. तिथल्या शिपायानं आमचं गठुडं पाहिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, हायस्कुलात सायन्सच्या बाई हायेत. त्यायच्यापाशी बारीक जंतू पाह्याची दुर्बीन हाये. जाऊन पाहा. चांगल्या हायेत बाई." तो स्वतः फाटकापर्यंत येऊन रस्ता दाखवून गेला. त्या शिपायाचं नावही मी विचारलं नाही. आज वाटतं, त्या दिवशी त्यानं नुसतं "साहेब नाहीत" एवढंच सांगितलं असतं तर आम्ही घरी परतून पट्टा पेटवला असता.

सायन्सच्या बाई माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या असतील. सुती पातळ, हाताला खडूची पांढरी भुकटी. मधली सुट्टी चालू होती. मामाजींनी वर्गाबाहेर चपला काढल्या आणि उंबऱ्याशीच उभे राहिले. बाईंनी त्यांना आत बोलावून बाकावर बसवलं, आम्हा दोघांना पाणी दिलं, आणि मग फडकं सोडलं.

आधी त्यांनी वांग्याचं मूळ घेतलं. "ही गाठ काढून बघा."

मामाजींनी नखानं ओढलं. गाठ निघेना, मूळच तुटलं.

"आता हरभऱ्याची काढा."

नख लागताच गाठ टपकन सुटून त्यांच्या तळहातावर पडली. मूळ जसंच्या तसं.

"वांग्याची गाठ म्हणजे मुळाला आलेली सूज. आत बारीक किडे असतात, ते झाडाला खातात. तो रोगच आहे, तुम्ही ओळखला तो बरोबरच. ही मात्र वेगळी आहे." बाईंनी ब्लेडनं हरभऱ्याची गाठ अर्धी केली आणि आमच्यापुढे धरली. आतून ती गुलाबी होती. डाळिंबाचा कच्चा दाणा असतो ना, तशी. "गुलाबी आहे म्हणजे आत काम चालू आहे. झाड यांना साखर देतं आणि हे हवेतला नत्र धरून झाडाला देतात. तुमच्या खताच्या पोत्यात तोच असतो."

मग न चोळलेल्या पट्ट्यातलं रोप पाहिलं. त्यालाही गाठी होत्या, पण तुरळक, आणि कापल्यावर बऱ्याचशा आतून पांढुरक्या निघाल्या. "तुमच्या मातीत मुळातले आहेतच थोडे," बाई म्हणाल्या. "पण दमलेले दिसतात."

त्यांनी गुलाबी गाठीचा रस काचेच्या पट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरला आणि सूक्ष्मदर्शक खिडकीशी उजेडात लावून दिला. मामाजींना एक डोळा मिटता येईना. बाईंनी आपला रुमाल त्यांच्या डोळ्यावर धरला. ते वाकून बघत राहिले. किती वेळ तरी वर आलेच नाहीत. सुट्टी संपल्याची घंटा झाली, मुली दारात गोळा झाल्या, तरी ते वाकलेलेच.

"काही दिसतं का?" बाईंनी विचारलं.

"धुक्यात काईतरी वळवळ करून राह्यलं. बारीक बारीक. लय हायेत." मग थांबून त्यांनी विचारलं, "जित्ते हायेत?"

"जिवंत आहेत. हलतात त्यातलं काही त्यांचं स्वतःचं असेल, काही पाण्याचं. पण जिवंत आहेत."

मामाजी सरळ उभे राहिले. मला वाटलं आता निघायचं म्हणतील. पण ते बाईंना म्हणाले, "बाई, आमी उन्हाळ्यात धसकटं, काडीकचरा सारा वावरातच पेटवतो. जमीन सोच्छ होते म्हनून. मंग हे बी जळत असतीन काय?"

"वरच्या थरातले जळतात. खोलवरचे राहतात. पण त्यांना खायलाही तोच काडीकचरा लागतो. तो जाळला तर मागे राहिलेले उपाशी."

मामाजींनी मान खाली घातली. नंतर मीही पाहिलं त्या नळीतून. मला ठिपकेच दिसले, राखाडी, थरथरणारे. पण मला त्यापेक्षा मामाजींचा चेहरा लक्षात आहे. ते घाबरलेले नव्हते, दुःखीही नव्हते. फार वर्षं आपल्याच घरात कोणी राहत होतं आणि आपण त्याची विचारपूसही केली नाही, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

परतीच्या बसमध्ये ते बाहेरची वावरं बघत राहिले. गाव जवळ आल्यावर म्हणाले, "सूनबाई, तू बोल्ली नसती तं आत्तापरेंत पट्टा जळून गेला असता." आणि उतरायची वेळ झाली म्हणून गठुडं उचललं. त्या घरात मला कुणी एवढं मोठं काही दिलं नव्हतं. मी पदर सारखा करत त्यांच्या मागे उतरले.

त्या वर्षी काळ्या बियाण्याच्या पट्ट्यातला हरभरा भरदार झाला. चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. घाटे जास्त होते, दाणा टपोरा होता, आणि पुढच्या हंगामात त्याच पट्ट्यावर ज्वारी इतर वावरापेक्षा उंच उभी राहिली, एवढं खरं. पुढच्या वर्षीचं पुडकं तर कुठंतरी वाटेत उन्हात तापलं असावं, त्याचा काहीच उपयोग झाला नाही. पण तोवर मामाजींचं चित्त पुडक्यावर राहिलंच नव्हतं. त्यांनी वावरात आग लावणं बंद केलं. गोठ्यामागे खड्डा खणला आणि त्यात पालापाचोळा, भाजीची खराब पानं, बैलांचं शेण, चुलीची राख, जे मिळेल ते घालू लागले. खड्ड्यावर पाणी शिंपडताना आत्याबाई चिडवायच्या, "घरच्या मानसाइले कधी पानी नाई देलं हातानं, अन् यायले पाहा!" मामाजी म्हणायचे, "तुमी मांगून घेता. यायले तोंड हाये काय?"

चिखलीहून साहेब आल्यावर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. हरभरा चांगला आलेल्या वावरातली थोडी माती दुसऱ्या वावरात बियाण्यासोबत टाकली तरी जीव तिथं जातात. हे गावभर झालं. पारावर हसणारेच पेरणीच्या आधी टोपल्या घेऊन आमच्या धुऱ्यावर येऊ लागले. बाया सकाळी शेजारी वाटी घेऊन विरजण मागतात तसं ते माती मागायचे. मामाजी स्वतः खणून द्यायचे, पण वांग्याच्या त्या जुन्या तुकड्याकडे कोणाला फिरकू द्यायचे नाहीत. "तिकडची नोका नेऊ. तिकडं रोग हाये. चांगल्यासंगं वाईट बी जाते." कोणाला दिली आणि कोणाचं कसं आलं हे ते नंतर त्या त्या वावरात जाऊन, रोप उपटून, नखानं गाठ फोडून बघून यायचे. गुलाबी निघाली की दिवसभर खुशीत.

मालक जिनिंगच्या कामावरून परतले. पुढच्या काही हंगामांत हळूहळू वावर सावरलं, एक गाय आली, तिला कालवड झाली, आणि त्यांना पुन्हा खामगावला जावं लागलं नाही. हे सगळं त्या गाठींमुळेच झालं असं कसं म्हणू? पाऊस बरा झाला, आम्ही राबलो. पण माती आमच्या बाजूनं उभी राहिली, हे मात्र मी म्हणेन.

एका हिवाळ्यात सायन्सच्या बाईंनी निरोप पाठवला की मुलींना शेत दाखवायला आणते. मामाजींनी वावराकडची वाट झाडून घेतली. बाईंना बसायला घरातली एकमेव खुर्ची धुऱ्यावर नेऊन ठेवली. मुली आल्या, निळे परकर आणि दोन वेण्या, हरभऱ्यात पाय ठेवायला घाबरणाऱ्या. बाई म्हणाल्या, "दादा, तुम्ही सांगा यांना."

मामाजींनी माझ्याकडे हात केला. "हे सांगन. हिलेच समजलं पयले."

डोक्यावर पदर, समोर एवढ्या मुली, मागे सासरे. मी एक रोप हलकेच उपटलं, मुळांची माती झटकली आणि पहिल्या मुलीच्या हातात दिलं. मग बोलायला लागले. वांग्याची गाठ आणि हरभऱ्याची गाठ. विरजण कोमट दुधातच का लागतं. वावर पेटवलं की काय मरतं, आणि न पेटवता कुजू दिलं की काय जगतं. मुलींनी गाठी फोडल्या, नखं रंगवून घेतली, एकीनं विचारलं की गुलाबी रंग खाल्ला तर चालेल का. मी हसले आणि पुढं सांगत राहिले. मधे एकदा मागे वळले तर मामाजी मातीत मांडी घालून बसले होते, मुलींच्या ओळीच्या शेवटी, ऐकत.

नंतर त्यांनी काट्याकुट्यांचा जाळ करून सगळ्यांना ओल्या हरभऱ्याचे घाटे भाजून दिले. वावरापासून दूर, नाल्याच्या खडकावर. मुलींची तोंडं काळी झाली. बाईंचंही.

संध्याकाळी मी चुलीपुढे भाकरी थापत होते. बाहेर ओट्यावर आत्याबाई मामाजींना विचारत होत्या, "मंग? बोल्ली काय आपली बाई त्या पोरींसमोर?"

"बोल्ली," मामाजी म्हणाले. "मले बी आत्ता नीट समजलं."

मी भाकरी तव्यावर टाकली. मग दुसरा गोळा घेतला.